वाळूवरची साय

माझ्याकडे पाहून लोक नाक मुरडतात, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे मित्रांनो, नंतर तुम्हीही मुरडलेत तर मला नव्याने वाईट वाटायला नको. मी पाणी गाळणारा जुना हौद आहे. वरून उघडा, चारही बाजूंनी विटांचा, आणि माझ्यातले पाणी दिसायला हिरवट. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या पार मागच्या अंगाला, कुंपणाच्या भिंतीलगत माझी जागा आहे. पुढे नवी इमारत आहे. तिथे मोटारी घरघरतात, दिवे लुकलुकतात आणि काचेतून पाणी धावताना दिसते. पाहुण्यांना तीच दाखवतात. माझ्यात वरून आलेले पाणी तळाशी पोहोचायला जवळजवळ सबंध दिवस घेते. इतक्या सावकाश चाललेल्या कामाकडे बघत उभे राहायला कोणाला सवड असणार?

मला बांधले तेव्हा आम्ही एकसारखे चार हौद होतो, चौघे भाऊच. प्रत्येकाच्या तळाशी मोठे दगड, त्यांवर गोटे, त्यांवर खडी आणि सगळ्यांत वर वाळू. ही वाळू धुण्यावर एक बाई नेमलेली होती. ती प्रत्येक टोपलीतली मूठभर वाळू काचेच्या पेल्यात टाकायची आणि पाणी जरा गढुळले की सबंध टोपली परत धुवायला पाठवायची. मला तिचा फार राग येई. कधी एकदा माझ्यात पाणी सोडतात असे मला झाले होते.

शेवटी पाणी सोडले, पण ते कोणाला प्यायला दिले नाही! कित्येक आठवडे माझ्यातून गाळलेले पाणी सरळ गटारात जात होते. येणारे-जाणारे विचारत, "बिघडलाय का हो?" मी मान खाली घालून ऐकत असे. मग हळूहळू माझ्या वाळूवर एक पातळ, बुळबुळीत थर धरू लागला. दुधावर धरतो तसा, म्हणून कामगार त्याला साय म्हणू लागले. ही साय म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची वस्ती. पाण्यातून येणारे रोगजंतू ते जीव खाऊन टाकतात. साय धरली आणि मी कामाला आलो. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझे पाणी पेलाभर पिऊन दाखवले. आयांनी मुलांना कडेवर घेऊन मला दाखवले. तेव्हा माझी जी छाती फुगली, ती बरीच वर्षे फुगलेलीच होती.

पुढे यंत्रे आली. माझा एक भाऊ बुजवला, मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्यावर आता पाण्याचे टँकर उभे असतात. पूर्वी आम्ही एकमेकांशी काही बोलत नव्हतो, हौद काय बोलणार! पण शेजारी पाणी असले की रात्री त्याची थंडी भिंतीतून जाणवते. ती जाणवेनाशी झाली तेव्हा मी एकटा उरलो हे मला कळले. मला ते फार जड गेले.

मी उरलो तो माझी देखभाल करणाऱ्या माणसामुळे. त्याला सगळे गोगलगाय म्हणत. मी हळू, म्हणून तोही हळू, असा सरळ हिशेब. त्याला त्याचा राग नव्हता. सायीचा थर जाड होऊन पाणी उतरेनासे झाले की तो पाणी खाली घेई, सपाट फावड्याने वरची फक्त नखाएवढी वाळू खरवडून काढी आणि खालून हळूच पाणी भरे. खरवडताना तो श्वाससुद्धा जपून घेत असे. कारण खाली थोडी साय जिवंत राहिली तरच ती लवकर परत धरते. त्यानंतर प्रयोगशाळेतून नमुना पास होऊन येईपर्यंत तो एक थेंबही शहराकडे जाऊ देत नसे.

आणि त्या प्रयोगशाळेत होती त्याची मुलगी.

पुढच्या इमारतीत ती पाणी तपासायची. आठवड्यातून एकदा बाटल्या घेऊन माझ्याकडे यायची. त्याची बायको गेल्यापासून घरात दोघेच होते, पण बोलणे जेवढ्यास तेवढे. कामावर तर ती त्याला बाबा अशी हाकही मारत नसे. आपल्या बापाच्या हौदाला झुकते माप देते, असे कोणी म्हणू नये म्हणून. "जेवलात का?" "हो. तू?" "जेवेन." एवढे बोलून ती बाटल्यांना बूच लावायची आणि निघून जायची. तो ती दिसेनाशी होईपर्यंत फावडे हातात धरून उभा राही.

आता पानगळीविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. आमची नदी झाडीतून येते. पाने गळू लागली की ती पाण्यात कुजतात आणि पाणी चहासारखे दिसू लागते. जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालतात आणि ते घालायलाच हवे. पण कुजक्या पानांचा अर्क पाण्यात राहिला, तर क्लोरीन आणि तो अर्क मिळून भलतेच काही पदार्थ तयार होतात. त्यांना रंग नाही, वास नाही. एक पेला प्यायल्याने काही होत नाही, पण वर्षानुवर्षे ते पोटात जाणे बरे नाही. म्हणून क्लोरीन घालण्याआधी तो अर्क काढून टाकायचा असतो. पुढची यंत्रे त्यातला बराच काढतात, पण सगळा त्यांच्या हाती लागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वाळूच्या मधोमध खास कोळशाचा एक थर घातला. साय जंतू खाते, कोळसा अर्क धरून ठेवतो. त्यामुळे पानगळीत माझे पाणी पुढच्या पाण्यात मिसळले की सगळ्या शहराच्या नळांतले ते पदार्थ कमी होतात. हा कोळसा मोठ्या साहेबांच्या डोक्यातून निघाला, अशी गोगलगायीची समजूत होती. खरे तर त्याच्या मुलीने माझ्या काठावर उभे राहून साहेबांशी तासभर हुज्जत घातली होती. मी ऐकले होते. तिने हे घरी कधी सांगितले नाही आणि मला सांगता येत नाही.

मग यंदा पानगळीच्या तोंडावर बातमी आली. वरून पाहुणे येणार, सगळे बघणार आणि हा मागचा हौद ठेवायचा की बुजवायचा ते ठरवणार. पुढच्या इमारतीला रंग द्यायला घेतला. रंगारी एकदा विडी ओढायला मागे आला आणि माझ्यात डोकावून म्हणाला, "काय गोगलगाय, पाहुण्यांना पाणी पाजणार की पालेभाजी वाढणार? केवढं हे शेवाळ!"

गोगलगाय हसला. पण रंगारी गेल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याच्या नजरेत मला माझी लाज दिसली. मला ती फार लागली.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना त्याने पाणी खाली घेतले. साय खरवडली. खालची वाळू काळपट दिसत होती, तशी ती नेहमीच दिसते. तो थोडा वेळ काठावर बसला. मग उठला, ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन आला आणि दोन्ही हातांनी ती माझ्यावर पेरली. दाताळ्याने खोलवर कालवली, पाण्याने धुतली, पुन्हा पेरली. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे रे," तो पुटपुटला. "पाहुणे जाऊ देत. मग तू आपली साय परत धर."

काय केले हे त्याला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. त्याला पुरते ठाऊक होते. पण चारचौघांत आपल्या माणसाला नावे ठेवलेली किती दिवस ऐकून घ्यायची? त्याला मी टापटीप दिसायला हवा होतो. माझ्यातले ते सगळे बारीक जीव संध्याकाळपर्यंत मेले. खाली, खूप खालपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी असा काही लखलखत होतो की काही विचारू नका. नितळ पाणी आणि त्याखाली पांढरी वाळू. पाहुण्यांच्या प्रमुख एक बाई होत्या. त्या काठावर येऊन म्हणाल्या, "अहो, हा तर किती स्वच्छ आहे! मला वाटलं डबकं असेल." सगळे माना डोलवू लागले. साहेब खूश झाले. इतक्या वर्षांनी माझे कौतुक होत होते, आणि मी आतून रिकामा होतो. मित्रांनो, इतके एकटे मला भाऊ गेले तेव्हाही वाटले नव्हते.

"हा ठेवूया," बाई म्हणाल्या. "आम्हाला बघू तरी द्या, याचं पाणी शहरात कसं जातं. सोडा बरं."

गोगलगाय चाकाजवळ गेला. ते चाक फिरवले की माझे पाणी शहराच्या पाण्यात जाते. त्याने हात ठेवला, पण चाक फिरवले नाही. त्याची मुलगी सगळ्यांच्या मागे बाटल्यांची पेटी घेऊन उभी होती. पावडरीचा वास तिला केव्हाच आला असणार. ती पुढे आली. मला वाटले, आता ही सगळ्यांसमोर बापाला बोलणार. तिने फक्त हळू आवाजात विचारले, "बाबा, साय कुठंय?"

त्याने चाकावरचा हात काढला. "मी मारली," तो म्हणाला. "साहेब, हे पाणी देऊ नका."

बाईंनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी जमिनीकडे. शेवटी असे ठरले, की पानगळ संपेपर्यंत साय परत धरून नमुना पास झाला तर मी राहणार, नाहीतर बुजणार. टँकरना जागा हवीच होती.

त्यानंतरचे दिवस मला कधी विसरता यायचे नाहीत. माझे पाणी पुन्हा गटारात जाऊ लागले. थंडी पडली होती आणि थंडीत साय धरता धरत नाही. गोगलगाय सकाळपासून काठावर बसून राही. त्याच्या तोंडची चव गेली होती. आठवड्यातून एकदा येणारी त्याची मुलगी आता रोज येई, त्याच्याशेजारी बसे आणि डबा उघडून अर्धी पोळी त्याच्या हातात ठेवी. बोलणे सुरुवातीला जंतूंचेच असे. मग एकदा तो कोळशाबद्दल काही म्हणाला, तर ती गालातल्या गालात हसली आणि तिने साहेबांशी घातलेली हुज्जत सांगितली. तो आ वासून बघत राहिला. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" "तुम्ही कधी विचारलंत?" मग दोघेही हसली. माझ्या काठावर इतका वेळ कोणी हसल्याचे मला स्मरत नाही.

मी जिवाच्या आकांताने साय धरत होतो, मित्रांनो. मला राहायचे होते. झाडे ओकीबोकी झाली, नदीचा रंग उतरला. शेवटचा नमुना तिने नेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाटल्यांशिवाय आली. तिचा चेहरा पाहूनच तो काय ते समजला.

"जंतू कमी झालेत खूप," ती म्हणाली. "पण आहेत अजून. हे पाणी घ्यायचं तर क्लोरीन जास्त घालावं लागेल, आणि क्लोरीन वाढलं की ते नको ते पदार्थही वाढणार. नापास आहे, बाबा."

त्याने शेजारचे फावडे उचलून हातात घेतले. मग चाचरत म्हणाला, "थोडक्यात राहिलं ना? तू पास म्हटलं असतंस तर कोणाला कळलं असतं?"

"कोणाला नाही." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही प्यायला असतात हे पाणी?"

"मी? आत्ता पितो. दे."

"आणि मला दिलं असतंत?"

त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. त्याचे डोळे भरून आले.

"नाही," तो म्हणाला. "तुला नसतं दिलं."

माझा निकाल तिथेच लागला. मला बुजवणार याचे दुःख आहे, खोटे कशाला बोलू? फार आहे. पण त्याने "दिलं असतं" म्हटले असते, तर मी एवढी वर्षे कोणासाठी पाणी गाळत होतो, हा प्रश्न मला खात बसला असता. लवकरच मातीने भरलेले ट्रक येतील. तोवर तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या आसपास एखादा जुना, हिरवट, हळू चालणारा कोणी असेल, मग तो हौद असो की माणूस, तर त्याला चारचौघांत हसू नका. त्याला काही करून दाखवायला लावू नका. घटकाभर त्याच्या काठावर जाऊन बसा आणि त्याला त्याच्या चालीने चालू द्या.

त्या दुपारी तिने बापाच्या हातातले फावडे घेऊन भिंतीला टेकवले आणि दोघे घराकडे निघाली. त्यांची पावले ऐकू येईनाशी होईपर्यंत मी कान देऊन होतो. तोवर तरी त्यांचे बोलणे थांबले नव्हते.