खुणेच्या वर दोन बोटं

नारिंगी पंपाच्या पाठीवरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा एकशे चारच होता. ग्रीसेलनं तो खिडकीपाशी उजेडात धरून पुन्हा वाचला. गेल्या सोमवारीही एकशे चारच.

"आई, मी कामावर गेल्यावर आलोंद्राला हा पंप देताय ना?"

तिच्या सासूबाई, दोन्या मोन्से, हिरवी केळी सोलत होत्या. "आता कशाला? पोरीचा दमा गेला की."

"कुठं गेला?"

"झाडात. रविवारी मोजलं मी. खुणेच्या वर दोन बोटं!"

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नातीला परसातल्या अवोकाडोला टेकवून उभं केलं होतं, डोक्याच्या उंचीवर खोडाला भोक पाडून तिच्या केसांची बट आत कोंबली होती. पोर त्या खुणेच्या वर गेली की दमा झाडात राहतो, असं त्यांचं म्हणणं. ग्रीसेल तेव्हा हसली होती. हसून सोडून दिलं, तेच चुकलं.

"अहो, नारिंगी पंप रोज घेत होती म्हणून ती बरी दिसत होती. नर्सबाईंनी चारदा सांगितलंय, बरं दिसलं म्हणून बंद करायचं नाही. तुम्हालाही चला म्हटलं होतं दम्याच्या वर्गाला."

"पाच पोरं वाढवली मी. मला शाळेत घालतेस?" सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "आणि बऱ्या झालेल्या पोरीला औषध दिलं तर झाड दमा परत पाठवतं. ठाऊक आहे तिला. शहाणी आहे."

ग्रीसेल पोरीला पाहायला परसात धावली. समुद्रापलीकडून आलेल्या आफ्रिकेच्या धुळीनं तीन दिवस आभाळ पांढुरकं झालं होतं. सात वर्षांची आलोंद्रा पायरीवर बसली होती, खांदे वर-खाली होत होते, गळ्याशी खळगा पडत होता.

"मी... बरी... आहे."

ग्रीसेलनं धाप लागल्यावर द्यायचा निळा पंप हलवून नळकांड्याला लावला. दम्याच्या वर्गात हीच पोर बाहुलीला पंप देऊन दाखवायची, सगळ्यांच्या टाळ्या घ्यायची. आता तिनं ओठ घट्ट मिटले.

"घे गं राणी. झाडाला मी सांगते."

आलोंद्रानं नाही म्हणून मान हलवली.

"आई, तुम्ही सांगा तिला! माझं नाही ऐकणार ती."

दोन्या मोन्से दारात उभ्या होत्या. पोरीकडे पाहत होत्या, झाडाकडे पाहत होत्या.

मग आलोंद्रा आपणच उठली. भिंत धरत, थांबत ती झाडापाशी गेली, खोडाला पाठ लावली आणि डोकं खुणेच्या खाली येईपर्यंत गुडघे वाकवले. आता मोठी नव्हती ती, औषध चालणार होतं. तिनं तोंड उघडलं.

एक फवारा, सहा श्वास. दुसरा. पोरीचे गुडघे वाकलेलेच होते. "सरळ हो बाळा, छातीला जागा दे," ग्रीसेल विनवत होती. तिसरा. चौथा. वर्गात शिकवलेलं सगळं तिनं केलं, आणि घरघर तशीच राहिली. यापुढचं एकच वाक्य वर्गाच्या वहीत होतं: थेट इस्पितळ.

सासूबाई नातीला घेऊन मागच्या सीटवर बसल्या. ग्रीसेल गाडी हाकत आरशात पाहत राहिली. आलोंद्रा मान खाली घालून, खुणेच्या खाली राहायला होईल तेवढी बुटकी होऊन बसली होती.

"ताठ बस गं, बाळा. आई, तिला ताठ बसवा ना!"

सासूबाईंचा हात पोरीच्या डोक्यावर होता. त्यांनी तो उचलला नाही.