निगडीच्या चढावरचा शब्द

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. रहाटणीत ज्योतीरामच्या गोठ्यामागे भिंतीला टेकून उभी आहे. टायर कुजले, सीटचं चामडं उंदरांनी नेलं. मला आता कोणी हात लावत नाही.

मी परदेशात घडले, बोटीने मुंबईला आले आणि सन चोपन्नमध्ये ज्योतीरामच्या घरी पोहोचले. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. ज्योतीराम तिथे कामाला लागला. रविवारी तो मला घेऊन चिंचवडला इनायतभाईंच्या दुकानावर जाई. तिथे पाच-सहा सायकलवेडे जमत आणि निगडीच्या चढापर्यंत शर्यत लावत.

त्यांची भाषाच वेगळी होती. दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत चालणे म्हणजे 'शेपूट धरणं'. माझ्या मागच्या चाकात लोखंडाचे दोन छोटे खटके आहेत. पॅडल मारलं की तेच चाक पुढे ढकलतात. त्यांना 'कुत्री' म्हणत. ती झिजून सटकली की पॅडल नुसतं गरगरतं आणि सायकल जागीच मंदावते. मग पुढचा ओरडे, "कुत्रं मेलं!" मागचे लगेच डावीकडे होत.

मला त्या भाषेचा फार अभिमान वाटे.

एका रविवारी ज्योतीरामचा मेहुणा भिमाजी बरोबर आला. तो नोकरीसाठी आंबेगावाकडून नुकताच आला होता. इनायतभाईंनी त्याला भाड्याची सायकल दिली आणि माझं मागचं चाक फिरवून पाहिलं.

"ज्योतीराम, कुत्री झिजलीत. आज राहू दे."

"पुढच्या रविवारी बदलू, भाई. आज पाव्हणा हाय."

भिमाजीने विचारलं, "दाजी, ही कुत्री कसली?"

सगळे हसले. "कळंल हळूहळू," ज्योतीराम म्हणाला. "तू फकस्त माझं शेपूट धर."

भिमाजीही हसला. त्याने शेपूट छान धरलं. चढ लागला, ज्योतीराम पॅडलवर उभा राहिला आणि माझी कुत्री सटकली.

"कुत्रं मेलं!" तो ओरडला.

भिमाजीने खरंखुरं कुत्रं शोधायला रस्त्याच्या कडेला पाहिलं. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकावर आदळलं. तो उजवीकडे पडला. समोरून ट्रक येत होता.

त्याचं प्रेत घरी आणलं तेव्हा ज्योतीरामची बायको रुक्मिणीबाई रडली नाही. भावाजवळ बसून तिने नवऱ्याला विचारलं, "तुमी ओरडला, त्याचा अर्थ त्याला ठाऊक व्हता का?"

"न्हाई."

"त्यानं इचारलं न्हवतं?"

ज्योतीरामने मान खाली घातली. "इचारलं व्हतं."

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. ज्योतीराम कारखान्यात पायी जाऊ लागला. रविवारची मंडळी पांगली. इनायतभाई एकदा नवी कुत्री घेऊन आले. ज्योतीराम म्हणाला, "राहू द्या, भाई." ते ओट्यावर थोडं बसले आणि निघून गेले.

मित्रांनो, माझी कुत्री वेळेवर बदलली असती तर, असं मी रोज म्हणते. पण ते दुखणं नुसत्या लोखंडाचं नव्हतं. तुमच्यात कोणी नवा आला आणि त्याने एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर हसू नका. तिथेच थांबा आणि त्याला सांगा. मला दुरुस्त करायला आता कोणी येणार नाही, आणि कोणी यावं असं मलाही वाटत नाही.