फ्यूज गेलेल्या ट्यूबचं तेज

ऊर्जाबाबा पकडले गेले. पण तूर्तास ते पकडले गेलेच नाहीत असं धरून चालू या. हॉल गच्च भरलाय, पडदे ओढलेत, इतक्या लोकांचा हिरमोड आत्ताच कशाला करायचा?

व्यासपीठावर बाबांनी फ्यूज गेलेली ट्यूबलाइट उंच धरली. ना वायर, ना बटण. ट्यूब पेटली. हॉलनं आ वासला.

"बाळांनो, ही मेलेली होती," बाबा म्हणाले. "तुमचं हृदयही तसंच. दुकानातल्या गोळीनं ट्यूब पेटते का? मग हृदय कसं पेटेल? आणि हा दिव्य सुगंध येतोय ना, तीच माझी ऊर्जा!"

दुसऱ्या रांगेत विद्युत अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक आपल्या थोरल्या बहिणीशेजारी बसले होते. घरात दोघंच. ताईनं बाबांच्या नादानं रक्तदाबाची गोळी सोडली होती, आणि सकाळीच ती जिन्यात चक्कर येऊन पडता पडता वाचली होती. म्हणून सर आले होते.

सरांची कारकीर्द थोडक्यात सांगता येते. दर बढतीला त्यांची खोली मोठी होत गेली आणि आत येणारी माणसं कमी. त्यांचा सर्वांत गाजलेला शोधनिबंध तिघांनी वाचला. दोन परीक्षक आणि ते स्वतः. त्यांच्या वर्गातला पहिला बाक इतका कोरा होता की त्यावर कर्कटकानं कोरलेलं एकही नाव नव्हतं.

"ताई, तू इथे येतेस तरी कशाला?" सर कुजबुजले.

"इथे दारातच विचारतात, कशी आहेस म्हणून. तू शेवटचं कधी विचारलंस?"

सरांना आठवेना. तेवढ्यात तो दिव्य सुगंध त्यांच्या नाकात शिरला आणि ते ताठ झाले. हा वास त्यांच्या प्रयोगशाळेचा होता! नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं गुंडाळलेली कॉइल चालू केली की असाच वास यायचा. पुढे कॉलेजनं ती भंगारात काढली.

भक्तांनी घरून आणलेल्या फ्यूज ट्यूबांचा ढीग व्यासपीठापाशी होता. सरांनी एक उचलली. पेटली. एक ताईच्या हातात दिली. पेटली. एका गृहस्थांना बाबांविषयी पहिल्यापासून शंका होती, त्यांचीही पेटली.

"अरे, हे तर त्याहून मोठे बाबा!" कुणीतरी ओरडलं. पहिल्या रांगेसाठी ढकलाढकली सुरू झाली.

"बाबा, माझा गुडघा बघा!"

"रांगेत या हो, माझी कंबर आधीपासून उभी आहे!"

सरांसमोर पहिली रांग भरण्याची ही पहिलीच वेळ. त्यांना बरं वाटलं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी उद्याही हॉल भरला असता.

"माझं हृदय पेटलं का रे?" ताईनं विचारलं. तिनं ट्यूब छातीशी धरली होती.

सर वाकले, व्यासपीठाखाली हात घातला आणि प्लग उपटला. सगळ्या ट्यूबा एकदम विझल्या.

"खाली कॉइल आहे," सर म्हणाले. "तिच्याभोवती विजेचं जोरदार क्षेत्र तयार होतं. त्यानं हातात धरलेल्या ट्यूबमधला वायू उजळतो. वायर लागत नाही. फ्यूज गेलेली असली तरी चालतं."

"आणि सुगंध?" कुणीतरी विचारलं.

"ओझोन. ठिणगीजवळच्या हवेतून तयार होतो. फार हुंगू नका."

"आणि ऊर्जा?"

"हॉलच्या वीजबिलात येईल. ताई, ही कुणाच्याही हातात पेटते. तुझं हृदय बघायला डॉक्टर आहेत. चमत्कार बघून खुशाल थक्क व्हा हो, पण प्लग कुठे आहे तेवढं विचारा. आणि गोळी चालू ठेवा."

टाळी वाजली नाही. लोक आपापल्या ट्यूबा शोधून घेऊन गेले.

कुणीतरी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत बाबा वायर गुंडाळत होते. "सर, ओळखलंत?"

"नाही."

"साहजिक आहे, शेवटच्या बाकावर असायचो. तुमचं हे कॉइलचं प्रात्यक्षिक अख्ख्या वर्गात मला एकट्यालाच आवडलं होतं."

"मग तेव्हा काही विचारलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, हे परीक्षेला येणार नाही."

घरी ताईनं गोळी घेतली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"कशी आहेस?" सरांनी दाराला विचारलं.

"झोपतेय," दार म्हणालं.

मग सर टेबलाशी बसले आणि त्यांनी अर्ज लिहिला :

मा. प्राचार्य यांस,
विषय : वर्गात परीक्षेला न येणारा प्रश्न विचारला जाणेबाबत.
महोदय, दर सत्रात असा किमान एक प्रश्न विचारला जाईल अशी व्यवस्था व्हावी. प्रश्नकर्ता उपलब्ध नसल्यास, सध्या कोठडीत असलेल्या एका माजी विद्यार्थ्यास आठवड्यातून एक तास पहिल्या बाकावर बसू द्यावे, ही नम्र विनंती. येताना त्याने कॉइल आणावी.