कुऱ्हाडीला वस्तऱ्याची धार

यंदा रानात तंबू ठोकायला मी येणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केलं आणि माझं डोकंच फिरलं. दर उन्हाळ्यात आमचं घर नदीकाठी मुक्कामाला जातं. तिथे लाकूड फोडायचं काम त्यांचं आणि निघण्याआधी कुऱ्हाडीला धार लावायचं कामही त्यांचंच. दुसऱ्या कुणी कानशीला हात लावलेला त्यांना खपत नसे. पण आता डोळे अधू झाले होते.

"मला धारच दिसत नाही, मग येऊन काय करू? तुमच्या हातच्या चहाची वाट बघत बसू?"

त्यांच्याशिवाय रान म्हणजे नुसते डास. लग्नानंतरच्या पहिल्या मुक्कामात रडकुंडीला आलेल्या मला हसवून हसवून तिथे टिकवलं ते या बाईंनी, त्यांच्या लेकाने नव्हे. म्हणून मी ठरवलं, धार आपणच लावायची. कामाची काळजी मिटली की येतील बापड्या.

माझा धंदा केस कापायचा. दुकानात रोज वस्तरा परजणारी मी, मला कुऱ्हाडीचं काय कौतुक! मागच्या खोलीत बाकाला पातं आवळलं, कानशीने दोन्ही बाजूंनी घासून घासून पातळ केलं, मग दगडावर आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं. नवऱ्याच्या हातावरचे केस साबणाशिवाय उतरले. तो ओरडला, मी मात्र हरखून गेले.

अंगणात एक गाठीचा ओंडका ठेवून मी दणका हाणला. टण्ण! धार डब्याच्या पत्र्यासारखी मुडपली.

"लाकूडच वाईट आहे," नवरा माझी बाजू घेत म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं! तू गप्प बस."

एवढ्यात आतून आवाज आला, "काय मोडलंत?" आणि भिंत चाचपत सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवला.

"अगं, लाकडाची दाढी करायची होती का?"

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. "वस्तऱ्यासारखी लावली हो."

"ते दिसतंय मला, आंधळी असले तरी. वस्तऱ्याला केस कापायचेत, हिला दणका सोसायचाय. धारेला पोट लागतं, मागे जाडी, बदामाच्या टोकासारखी. जाड काळं पेन आण, घासायचं राहील तिथे काळं दिसेल."

मी धारेची कड काळी केली. त्यांनी आधी मुडपलेलं सगळं कानशीने काढून टाकलं, मग कोन वाढवून घासायला लागल्या. कानस खडखडली की हात आपोआप वळायचा. पण मध्येच थांबून विचारायच्या, "काळं कुठे उरलंय?"

"खालच्या कोपऱ्यात."

"आता?"

"वर, टोकाशी. जरासं."

"जरासं म्हणजे किती? नीट सांग, गिऱ्हाइकाला सांगतेस तसं."

मी पुन्हा रंगवायची, त्या पुन्हा घासायच्या. लोखंडाच्या चुऱ्याने दोघींचे हात काळे झाले. तेल लावलेला दगड गोल गोल फिरवताना त्या चक्क गुणगुणू लागल्या. कितीतरी महिन्यांनी ऐकलं मी ते.

"हं, मार आता."

तोच ओंडका, तीच गाठ. एका घावात दोन फाळ्या उडाल्या. मी किंचाळले, नाचले, शेजारीण खिडकीत आली. आणि मग आठवलं, हे सगळं करून या बाई तर घरीच राहणार.

"रानात पुन्हा बोथट झाली तर?" मी विचारलं.

"होईलच. तुझा दणका पाहिला मी." त्यांनी कानस पुसली आणि लेकाला हाक मारली. "अरे, मोठा तंबू काढ. माझं अंथरूण हिच्याजवळ घाल."

"आणि मी कुठे झोपू?"

"तू कुठेही झोप. मला तिकडे डोळे लागतील, ते हिचे आहेत."

मी त्यांना घट्ट मिठी मारली. माझे दोन्ही काळे पंजे त्यांच्या पाठीवर उमटले.