शेवटचं चित्र

इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, शेवटचं चित्र बरगड्यांखालून घ्यायचं असतं. गुडघे मुडपायचे, पोट उघडं, साडीची गाठ सैल. तिथून हृदयाबरोबर लिव्हरही दिसतं. एकोणीस वर्षं मी त्याच्याकडे बघितलंही नाही, आपलं काम हृदयाचं.

दिवाळीनंतर बुऱ्हाणपुरातल्या आमच्या दवाखान्यात एआय आलं. ते म्हणे हृदयाच्याच चित्रांत लिव्हरचा आजार आधी ओळखतं. चार महिन्यांत अकरा जणांना ‘लिव्हर तपासा’ अशी चिठ्ठी निघाली. अकराही पुरुष. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बघ मालती, बायका कशा ठणठणीत!" मी हसले. हसायला काय जातं?

खरं कारण मला माहीत होतं. दिवसाला तीस पेशंट, माझी कंबर गेलेली. खेड्यातल्या बाया गाठ आवळून येतात, सोडायला लाजतात, परत नेसायला वेळ लावतात, आणि बाहेर रांग ओरडते. म्हणून बायकांचं ते चित्र मी घेतच नव्हते. "झालं मावशी, उठा." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सोमवारी निंबोल्याच्या गोदाबाई परत आल्या. पौषात त्यांचा इको मीच केला होता. आता डोळे पिवळे, पोट फुगलेलं, तपासणीत लिव्हर खराब निघालेलं. मुलगा भाईदास आल्या आल्या भांडायलाच उठला. "माय दारूला हात बी लावत नाही, मंग लिव्हर कसं खराब झालं?"

"दारूशिवायही होतं," म्हणत साहेबांनी जुना रिपोर्ट उघडला. लिव्हरच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चित्र नाही’. तो रकाना त्यांनीही आजवर वाचला नव्हता.

"तेव्हा चित्र का नाही घेतलं?" साहेबांनी मला विचारलं. "वेळेवर कळलं असतं, तर इथवर आलंच नसतं."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. पहिला विचार नोकरीचा आला, गोदाबाईंचा नंतर. सांगायलाही लाज वाटते.

तेवढ्यात टेबलावर पडलेल्या गोदाबाई बोलल्या, "मीच नको म्हनली साहेब. मले लाज वाटली. तिची काही गलती नाही."

मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.

"तुझ्या लाजेपायी झालं हे, माय!" भाईदास आईवरच कडाडला. त्या आपल्या हातांनी गाठ सोडत होत्या.

मी प्रोबला जेल लावलं आणि म्हणाले, "गुडघे मुडपा, मावशी."