गुरुवार, ठीक

“लक्ष नसतंच त्यांचं. घरी काय नि कामावर काय.”

चौदा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या जिन्यात बसून बहीण हे म्हणाली होती. पत्रा कापणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर नव्या क्रमांकाची पट्टी अंगठ्याने दाबून बसवताना मिस्त्रीला तो आवाज पुन्हा ऐकू आला. रडून खरखरीत झालेला, नवऱ्यावरच रागावलेला. पट्टीखाली हवेचा फुगा राहिला होता. इकडे दाबला की तिकडे सरके. मिस्त्रीने तो तसाच सोडला आणि हात पुसत तो स्टोअरकडे निघाला.

कारखान्यात देखभालीसाठी नवं सॉफ्टवेअर आलं होतं. कुठलं यंत्र कधी तपासायचं, ते आता माणसाला विचारायचं नव्हतं. मालकांना हवं होतं एवढंच, की यंत्रं कमीत कमी वेळ बंद राहावीत. त्यासाठी आधी जुना सगळा इतिहास त्या सॉफ्टवेअरला भरवायचा होता. त्या कामासाठी आलेली मुलगी तीन दिवस संगणकासमोर बसून होती आणि भाऊजी तिला अलीकडून मागे जात एकेक रजिस्टर वाचून दाखवत होते. भाऊजी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उजवा पंजा गेल्यावर कंपनीने त्यांना प्रेसवरून स्टोअरमध्ये बसवलं. रिकाम्या बाहीने पान दाबून धरायचं नि डाव्या हाताने उलटायचं, हे त्यांच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं.

“ये मिस्त्री. तुझ्या खुणा वाचून घसा बसला माझा. ‘ठीक’शिवाय दुसरा शब्द शाळेत शिकवलाच नव्हता का रे?”

“दुसरा लिहिला असता तर साहेबांनी मलाच शाळेत परत धाडलं असतं.”

मुलगी हसली. “काका, तुमचा चार नंबर म्हणजे अगदी शहाणं बाळ! जाळीची एक तक्रार नाही. सॉफ्टवेअर म्हणतंय, रोज तपासायची गरज नाही, तीन महिन्यांतून एकदा पुरे. मालक खूश.”

“एक अपघात आहे की,” भाऊजी म्हणाले. “पण तो माझ्या नावावर आहे, यंत्राच्या नाही.”

मुलीचं हसू ओठांवरच विरलं. मिस्त्री उगाच खिशातला पाना चाचपत राहिला.

हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली समोरची जाळी खाली उतरल्याशिवाय प्रेसचा ठोका पडता कामा नये. ती नीट उतरते की नाही, हे रोज सकाळी मिस्त्रीने बघायचं आणि रजिस्टरात खूण करायची. पण प्रेसच्या त्या विभागाची, शॉपची, रीत वेगळी होती. सोमवारी, चहा यायच्या आधी, आठवडाभराच्या खुणा एका दमात मारून टाकायच्या. ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती आणि कुणी मोडलीही नव्हती. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारी जाळी वरच राहिली आणि भाऊजींच्या पंजावर ठोका पडला. चौकशीला रजिस्टरची नक्कल गेली, ती बुधवारपर्यंतचीच. खूण होती, म्हणजे यंत्र ठीक होतं. निकाल आला: कामगाराचं दुर्लक्ष. तेव्हापासून घरात गॅसवरच्या दुधाकडे बघायलाही भाऊजींना कुणी सांगत नव्हतं. नातवाला त्यांच्यापाशी एकट्याला सोडत नव्हते. भाऊजी हसत. “टाळ्या तेवढ्या वाजवता येत नाहीत,” म्हणत, “पण तशी वेळ तरी कोण आणतंय माझ्यावर!”

“हे शेवटचं,” म्हणून त्यांनी आता कोपरे खाल्लेलं रजिस्टर उघडलं. “सोमवार, ठीक. मंगळवार, ठीक. बुधवार, ठीक.”

आवाज कुठे अडखळला नाही.

“गुरुवार, ठीक. शुक्रवार, ठीक. शनिवार, ठीक.”

“थांबा हं,” मुलगी पुढे वाकली. “लाल ओळी आल्या. बंद यंत्रांची यादी मी कालच भरलीये ना... बुधवारी दुपारपासून चार नंबर सील होता. एकवीस दिवस. मग गुरुवारी, शुक्रवारी तपासलं कुणी?”



“लिहिणाऱ्याची चूक, बाई,” भाऊजी म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं. “काढून टाक त्या तीन ओळी. एवढ्यासाठी काम अडवायचं नाही.”

“मग तपासणी तीन महिन्यांतून एकदा, हे कायम होईल. फक्त काकांनी हो म्हणायला हवं. सही त्यांची आहे.” तिने बोट कळीवर ठेवलं. “काढू ना काका?”

मिस्त्रीने भाऊजींकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर भिंतीखेरीज काही नव्हतं. पलीकडे शॉपमध्ये कुणीतरी चार नंबर सुरू केला. जमीन एका लयीत धडधडू लागली. प्रत्येक ठोक्याला मिस्त्रीचे खांदे किंचित उचलले जात होते. आज त्या प्रेसवर कोण आहे, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने स्टूल ओढलं आणि भाऊजींच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला.

“नको काढूस,” तो मुलीला म्हणाला. पण तिच्याकडे न बघता.

“राहू दे रे,” भाऊजी हलकेच म्हणाले. “जाऊ दे आता.”

“बुधवारची खूणसुद्धा सोमवारीच मारली होती, भाऊजी. जाळी मी बघितलीच नव्हती.”