लोहारणीचा भाऊ

प्रेरणानं फासा टाकला. तीन आले.

"नाय पोचली तू," ऋतुराज म्हणाला. "दार मोडलं. दहा-बारा जण आत शिरले. तुझ्या भावाला केसांना धरून अंगणात ओढलं त्यांनी."

मुकुंदवाडीतल्या त्याच्या खोलीत दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. ऋतुराज गोष्ट सांगायचा. प्रेरणा, अभय आणि प्रणय त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि अडलं की फासे टाकायचे. तीन महिने प्रेरणा एका डोंगरातल्या गावची लोहारीण होती.

"पुढं?" अभय सरकून बसला. शेंद्र्याच्या कारखान्यात आठवडाभर मशीनसमोर उभ्या राहणाऱ्या अभयला मारामारी लागायची, आणि ती रंगवण्यात ऋतुराजचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"एकजण छातीवर बसला. दुसऱ्यानं त्याचा हात उंबऱ्यावर दाबला. एकेक बोट मोडलं. अंगठा शेवटी. ओरडला तसं तोंडात माती कोंबली. मग गज उचलला आणि गुडघ्यावर..."

"गज नव्हता," प्रेरणा म्हणाली. "दगड होता."

अभय हसायला गेला आणि थांबला.

ऋतुराजचे कान तापले. मागच्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर तिनंच त्याला सांगितलं होतं, थांबत थांबत. चितेगावजवळ जमावानं तिच्या थोरल्या भावाला, आकाशला, कसं मारलं ते. अंगठा. माती. हा प्रसंग लिहिताना त्याला वाटलं होतं, यानं खेळात जीव येईल. दगडाचा गज केला, की गोष्ट आपली झाली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "हे झालंच नाय असं धरू. खोडतो मी."

तिनं त्याच्या वहीवर तळहात दाबला.

"दोन वर्षं दादा घराबाहेर पडला नाय. रविवारी मी घरी गेले की विचारतो, लोहारणीचं काय झालं? तेवढंच बोलतो. आज काय सांगू त्याला?"

"सांग, ती वेळेवर पोचली," अभय हळूच म्हणाला.

"त्याला खोटं लगेच कळतं."

मग ऋतुराजनं वही तिच्याकडं सरकवली.

"पुढचं तू सांग. मी तुझ्या जागी बसतो."

"माझ्या जागी नको." तिनं पेन्सिल उचलली. "त्या दहा-बारा जणांत ये. दारातून पहिला आत आला, तो तू. नाव काय तुझं?"

"त्यांना नावं दिलीच नव्हती मी."

"दादानं पण एकाचंही नाव घेतलं नाय आजवर. पोलिसांपुढं पण नाय. तू घे."

पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून ती थांबली. ऋतुराजला सुचणारं प्रत्येक नाव कुणा ना कुणा ओळखीच्या माणसाचं होतं.